पिनेच्या भरवशावर

पुण्यात एखादं वाहन समोरून गेलं म्हणजे ते संपलं, असं समजून रस्ता ओलांडू नये. त्याच्यामागे काहीतरी बांधलेलं असण्याची शक्यता दाट. पिकअपच्या मागे काँक्रीटचा मिक्सर असतो, मिक्सरच्या मागे माल वर चढवायची लिफ्ट असते, लिफ्टच्या टोकाला लाल फडकं असतं. फडकं गेलं म्हणून आपण पाऊल टाकावं, तर त्याच टोळीचा मुकादम मोटारसायकलवरून, फोन खांद्यात दाबून, 'आलोच, मिक्सर पोचतोय' असं कुणाला तरी सांगत आपल्या पायावरून जातो.

हे दृश्य बघायचं असेल तर सकाळी सातच्या सुमारास धायरी, नऱ्हे, वाघोली असल्या भागात उभं राहावं. तिथे रोज कुठे ना कुठे स्लॅब असतो. स्लॅब म्हणजे घरमालकाच्या आयुष्यातला मंगल दिवस, आणि मिक्सर म्हणजे त्या दिवसाचा नवरदेव. तो आल्याशिवाय काही सुरू होत नाही. पिकअपच्या हौद्यात टोळीतली माणसं, घमेली, फावडी, पाण्याची पिंपं आणि डबे. एक जण मात्र हौद्यात बसत नाही. तो मिक्सरवर बसतो. त्याचं काम मोठं जबाबदारीचं आहे: डावीकडे वळायचं असेल तर तो डावा हात काढतो, उजवीकडे वळायचं असेल तर उजवा, आणि थांबायचं असेल तर दोन्ही हातांनी मिक्सर घट्ट धरतो. मागच्यांनी त्यावरून काय ते ओळखायचं.

परवा सिग्नलला अशी एक वरात अगदी शेजारी थांबली म्हणून जोडकामाकडे नीट बघता आलं. पिकअपच्या मागच्या हुकात मिक्सरची दांडी. दोन्हींच्या भोकांतून जी जाडजूड पिन जायला हवी, तिच्या जागी सळईचा वीतभर तुकडा, वरच्या टोकाला वाकवलेला. तो उडून जाऊ नये म्हणून खालच्या टोकाला सेंट्रिंगवाले वापरतात ती बारीक तार, तीन वेढे मारून पिळलेली. मिक्सर आणि लिफ्ट यांच्यामध्ये तर सळईही नव्हती, नुसता दोर होता. ज्या सळईच्या आणि तारेच्या जिवावर संध्याकाळपर्यंत कुणाचं तरी छप्पर उभं राहणार होतं, त्यांच्याच जिवावर ही सगळी यंत्रसामग्री सिंहगड रस्त्यावरून चालली होती. एका परीने यात सुसंगती आहे.

मी ड्रायव्हरला विचारलं, "दादा, मागचं सुटलं तर?"

"सुटत नाय काका."

"पण समजा सुटलं तर? तुम्हाला कळणार कसं?"

त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. "कळतंय की. गाडी हलकी लागती."

सिग्नल सुटला आणि तो गेला. तिन्ही वाहनं बरोबर होती; निदान पुढच्या चौकापर्यंत.

माझा एक भाचा ह्यूस्टनला असतो. त्याच्याकडे पिकअप आहे, म्हणजे आपल्या बोलेरोच्या तिप्पट रुबाबाचा. सुट्टीत तो त्याच्यामागे राहायचा ट्रेलर लावतो, आत ओटा, पलंग, संडास सगळं. तिथले काही उत्साही लोक त्या ट्रेलरच्याही मागे होडीचा ट्रेलर लावतात. अमेरिकेत हे काही राज्यांत चालतं, काही राज्यांत चालत नाही, त्यामुळे सीमेवर होडी सोडून द्यायची वेळ येऊ शकते. भाचा गेल्या दिवाळीत आला होता तेव्हा त्याने आम्हाला सगळी व्यवस्था मोबाइलवर दाखवली. हुकाशिवाय दोन साखळ्या वेगळ्या, त्याही एकमेकींवरून तिरक्या घेतलेल्या, म्हणजे हुक निसटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल. ट्रेलरला स्वतःचे दिवे. जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक. आणि एक बारीक वायर: ट्रेलर तुटून मागे राहिलाच तर ती वायर ओढली जाते आणि ट्रेलर आपले आपण ब्रेक मारतो. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी हुकावर पडला पाहिजे; माल मागच्या बाजूला जास्त भरला तर वेगात ट्रेलर डोलायला लागतो आणि शेवटी पुढच्या गाडीलाच फिरवतो. भाचा हे सांगताना फार गंभीर होता. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, सगळं ऐकून म्हणाली, "आख्खं घर मागे बांधून हिंडतोस, आणि मला तिकडे न्यायचं म्हटलं की जागा नाही म्हणतोस."

भाच्याला मी पिनेच्या जागी असलेल्या सळईबद्दल सांगितलं तर तो हसेना. गाडी हलकी लागते, ही यंत्रणा त्याच्या राज्यात मंजूर नसावी.

आपल्याकडे कायदा नाही असं समजू नका. 1989 साली रस्त्यावरच्या वागणुकीचे नियम झाले. 2017 साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. बंद पडलेली गाडी ओढून न्यायची, म्हणजे आपल्या भाषेत टोचन लावायची, तर काय करायचं ते त्या जुन्या नियमांत व्यवस्थित सांगितलं होतं. ओढल्या जाणाऱ्या गाडीतही परवानाधारक माणूस बसलेला हवा. दोन गाड्यांमधलं अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नको. आणि मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेलं हवं. दोर किती लांब हवा हे मनाशी ठरवून कुणी तरी कधीकाळी हे लिहिलं असेल, त्या अज्ञात अधिकाऱ्याला माझा नमस्कार. ज्या शहरात माणसं जिन्यावर, फाटकावर, कुंडीवर आणि कुंडीतल्या झाडावर पाटी लावतात, त्या शहरात ही एकच पाटी मी आजवर कुठे पाहिली नाही.

आणि टोचन तर इथे अहोरात्र चालू असतं, त्यातही दुचाकींचं. त्याला दोर लागत नाही, पाय लागतो. एक स्कूटर बंद पडलेली, तिच्यावर मालक बसलेला. मागून दुसरा मोटारसायकलवाला येतो, आपला डावा पाय लांब करून तिच्या पायदानावर किंवा सायलेन्सरवर टेकवतो आणि ढकलत नेतो. दोघांची ओळख असते असं मुळीच नाही. पुणेकर परक्याला मदत करत नाही म्हणणाऱ्यांनी विद्यापीठ चौकात उभं राहावं. फक्त ही मदत पुणेरी असते, म्हणजे सल्ल्यासकट येते.

"पेट्रोल संपलं का?"

"हो ना हो."

"काटा बघत नाही का?"

"काटा बंद आहे."

"मग टाकी हलवून बघायची. आवाज येतो." पुढे बस उभी. "ब्रेक मारा, ब्रेक मारा! अहो, हळू मारा, माझा पाय आहे!"

ढकलणाऱ्याची गाडी सरळ जायला बघते, पण एक पाय सतत तिरका रेटत असल्यामुळे तिला सारखं सावरावं लागतं. ज्याला ढकललं जातंय त्याच्या हातात हँडल आणि ब्रेक आहेत, पण वेग दुसऱ्याच्या मनगटात. वेग एकाकडे, ब्रेक दुसऱ्याकडे आणि दोघांच्या मध्ये एक चप्पल. पंपापाशी पोचल्यावर मागचा थांबतही नाही. पाय काढून घेतो आणि वळण घेऊन निघून जातो. आभार मानायला तोंड उघडावं तोवर तो पुढच्या सिग्नलला दुसऱ्या कुणाला तरी काटा दुरुस्त करायला सांगत असतो.

पण हे सगळं किरकोळ. ओढण्याच्या शास्त्रातली खरी मातब्बरी बघायची तर गळीत हंगामात बाहेर पडावं. दिवाळीच्या पुढेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यावर येतात. ऊस ही कोल्हापूर-सांगलीकडची गोष्ट, असा काही पुणेकरांचा समज असतो. साखर आयुक्तालय शिवाजीनगरच्या साखर संकुलात आहे आणि उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला, म्हणजे महाराष्ट्राच्या उसाची कागदपत्रं आणि उसाची विद्या दोन्ही पुण्यातच. प्रत्यक्ष ऊसही लांब नाही. संत तुकाराम कारखाना कासारसाई-दारुंब्र्याला, हिंजवडीच्या आयटी पार्कच्या पाठीमागेच म्हणा ना. त्यामुळे थंडीच्या दिवसांत तिकडच्या रस्त्यांवर एक विलक्षण मिरवणूक लागते: पुढे ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्यामागे अमेरिकेतल्या बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळणारी पाचपन्नास मंडळी. अमेरिका उठायच्या आत यांना टेबलाशी पोचायचं असतं. ट्रॅक्टरवाल्याला काट्यावर नंबर लावायचा असतो. दोघांपैकी घाई ट्रॅक्टरवाल्याला जास्त असते, कारण त्याला खेपेवर पैसे मिळतात. वेग मात्र दोघांचाही ट्रॅक्टरच ठरवतो.

ट्रॅक्टरची व्याख्या मोटार वाहन कायद्यात मोठी मार्मिक आहे: जे स्वतः भार वाहण्यासाठी बनवलेलं नाही असं मोटार वाहन. हे वाचून मला दोन्ही मडगार्डांवर बसलेले पाहुणे आठवतात. असो. ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनांचा. मागच्या दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस सहज असतो. आता गंमत अशी की, बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते फक्त मागच्या चाकांना. तेही डाव्या चाकाचा पायटा वेगळा, उजव्या चाकाचा वेगळा, शेतात जागच्या जागी वळता यावं म्हणून. रस्त्यावर येताना दोन्ही पायटे कडीने एकत्र अडकवायचे असतात. ती कडी अडकवलीय की नाही, हे मागून येणाऱ्याला कळायला मार्ग नाही. आणि ट्रॉल्यांना? ट्रॉल्यांना बहुतेक वेळा ब्रेकच नसतात. म्हणजे ड्रायव्हरने ब्रेक दाबला की थांबतो तो ट्रॅक्टर. उसाला कुणी थांबायला सांगितलेलंच नसतं. उतारावर तो पुढच्याला रेटतो, आणि जोड जिथे मोडतो तिथे ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांकडे तोंड करून आडवे होतात.

चढावर याच्या उलट. मागच्या ओझ्याने ट्रॅक्टरचं तोंड वर होतं. पुढची चाकं जमिनीपासून सुटली की स्टिअरिंग हे निव्वळ हातांना चाळा म्हणून उरतं. त्यावर उपाय म्हणून कुणी पुढे वजनाच्या लोखंडी पट्ट्या बांधतं, कुणी मुरमाची पोती. बॉनेटवर दोन माणसं बसवलेलीही मी पाहिली आहेत. एकाच्या हातात चहा होता. तोल सांभाळायची जबाबदारी अंगावर असून माणूस इतका निवांत असू शकतो, याचा मला हेवा वाटला.

दुसऱ्या ट्रॉलीची गोष्ट आणखी वेगळी. लहानपणी एकमेकांचे शर्ट धरून आगगाडी खेळताना इंजिन झालेला पोरगा थोडासा वळायचा आणि शेवटचा डबा झालेला जाऊन भिंतीवर आपटायचा, तसं तिचं असतं. पुढचा खड्डा चुकवायला ड्रायव्हरने वीतभर स्टिअरिंग हलवलं की पहिली ट्रॉली हातभर हलते आणि दुसरी पलीकडच्या लेनमध्ये जाऊन येते. हळू वळताना मात्र उलटं. तेव्हा मागची प्रत्येक ट्रॉली पुढचीपेक्षा जास्त आतून येते. म्हणून कोपऱ्यावर, आता ट्रॅक्टर गेला, आतल्या बाजूने काढावी गाडी, असं ज्याला वाटतं त्याची भेट दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाशी होते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून 18 मीटरपेक्षा लांब असू नये असा केंद्रीय नियम आहे. 18 मीटर म्हणजे पीएमपीची दीड बस. ऑस्ट्रेलियात वाळवंटातल्या रस्त्यांवर एका ट्रकमागे तीन-तीन ट्रेलर लावलेल्या 53.5 मीटरच्या रोड ट्रेन चालतात, पण तिथे आतल्या बाजूने काढणारा स्कूटरवाला नसतो. तिथे फार तर कांगारू असतं, आणि त्याला कामावर जायची घाई नसते.

ड्रायव्हरला यातलं काही दिसत नाही. उसाची भिंत मागे, आरसा असलाच तर तो भांग पाडण्यापुरता. हॉर्न द्यावा तर ऐकू जात नाही, कारण ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात आणि त्या आवाजापुढे इंजिनचाही इलाज नसतो. त्यातून मागे काय चाललंय हे त्याने बघावं अशी अपेक्षाही धरू नये. मागे एका दुचाकीवर गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले दोघे असतात. पुढचा गाडी ट्रॉलीला अगदी चिकटवतो, मागचा लोंबणारा ऊस दोन्ही हातांनी धरतो आणि ओढतो. ऊस लगेच निघत नाही, मोळी घट्ट असते. मग काही अंतर ती दुचाकीही त्या उसाला धरून ओढली जाते. ट्रॅक्टर, ट्रॉली, ट्रॉली, ऊस, अभियंते, या क्रमाने. नंतर तो सहा फुटी ऊस घेऊन ते आयटी पार्कच्या फाटकातून आत कसे जातात, हे मला माहीत नाही.

हंगामाच्या सुरुवातीला गव्हाणीत मोळी टाकण्याचा कार्यक्रम होतो, तसाच अलीकडे ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचाही होतो. साहेब एका ट्रॉलीला रिफ्लेक्टर चिकटवतात, फोटो निघतो. महिन्याभरात त्या रिफ्लेक्टरवर चिखलाचा थर चढतो किंवा त्याच्यावरून उसाचा वाढा लोंबायला लागतो. रात्री ट्रॉलीचा टायर फुटला की ट्रॅक्टर सोडवून नेतात आणि ट्रॉली रस्त्यातच उभी राहते, चारी बाजूंना चार दगड. दिवा नाही, काही नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात डोळे दिपलेला मोटारसायकलवाला थेट त्या उसात जातो. दर हंगामात अशा बातम्या येतात, आतल्या पानावर, दोन-तीन ओळींच्या. दुसऱ्या दिवशी ट्रॉली निघते. दगड तिथेच असतात, पुढच्या माणसासाठी.

उताराचं म्हणाल तर पुणेकरांना वेगळं सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आहे, आणि 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एका अवजड वाहनाने कितीतरी गाड्यांना धडक दिली होती. त्याच्यामागे एकही ट्रॉली नव्हती.

मग अनेक ट्रॉल्या एकामागे एक लावून निर्धोकपणे जाता येईल असा पुण्यात एकही रस्ता नाही का? आहे. लक्ष्मी रस्ता, अनंत चतुर्दशीला. मानाचा पहिला कसबा गणपती पालखीतून जातो, त्याला हुक-पिनेची भानगड नाही. पण मागून जी मंडळं येतात त्यांच्या रचनेकडे कधी नीट बघा. पुढे ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या गाड्यावर देखावा आणि श्रींची मूर्ती, मग स्पीकरच्या भिंतींचा गाडा, आणि सगळ्यात शेवटी त्या भिंतींना वीज पुरवणारा जनरेटर. पहिल्यापासून शेवटापर्यंत जाड वायरी लोंबताहेत, आणि त्यांच्यावरून पोरं नाचताहेत. भाच्याला हे दाखवलं असतं तर त्याने तिथेच साखळ्या मागवल्या असत्या. पण काही होत नाही. बेलबाग चौक ते अलका टॉकीज हे अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटरचं, आणि एकूण मिरवणूक अलीकडे सहसा 28-30 तासांच्या खाली येत नाही. या वेगात पिन निसटली तरी ट्रॉलीला ते उशिरा कळतं. शिवाय हुकापाशी एक कार्यकर्ता कायमचा उभा असतो, गळ्यात बिल्ला, तोंडात शिट्टी, हातात लाकडी ठोकळा. ट्रॅक्टर थांबला की चाकाखाली ठोकळा, निघाला की ठोकळा काढायचा. 30 तासांत त्या पोराने जेवढ्या वेळा ब्रेक लावला असेल तेवढा बाकीच्या पुण्याने वर्षभरात लावला नसेल. त्याला मंडळाने नारळ दिला पाहिजे. तो मिळतो अध्यक्षांना, जे पुढच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेले असतात.

एकूण पुणेकर मागे काय बांधलंय याला भीत नाही. मिक्सरला नाही, डबल ट्रॉलीला नाही, डांबराच्या त्या धगधगत्या बॉयलरलाही नाही, जो रस्ता दुरुस्त करायला निघालेल्या ट्रकमागून खाली जाळ असतानाच चाललेला असतो. भीतो तो एकाच वाहनाला: नो पार्किंगमधून गाड्या उचलणाऱ्या टेम्पोला. त्याचा भोंगा नुसता कोपऱ्यावर वाजला तरी दुकानांतून माणसं अशी बाहेर पडतात की भूकंपालाही एवढी पडणार नाहीत. कुणाची दाढी अर्धी झालेली, कुणाच्या हातात अर्धवट निवडलेली साडी. दुचाकी उचलली गेली तर ती निमूट हौद्यात जाऊन बसते. चारचाकीचं तसं नसतं. तिची पुढची चाकं अधांतरी, मागची रस्त्यावर, आणि तिच्यामागे धावणारा मालक. परवा टिळक रस्त्यावर असा एक गृहस्थ पाहिला. त्याच्यामागे हातात वडापावची पुडी घेतलेली बायको होती, आणि तिच्यामागे, पैसे द्यायचे राहिलेत म्हणून, वडापाववाला.

पांढऱ्या रेघेच्या आत होतो वगैरे त्याचं म्हणून झालं. पावती इथेच फाडा म्हणूनही झालं. टेम्पो काही थांबेना. मग त्याने सगळा जीव एकवटून, आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा टाहो फोडला:

"अहो, हँडब्रेक ओढलेला आहे हो! निदान ब्रेक तरी सोडू द्या!"